घाट, बीड आणि ब्रेक

कोल्हापूरहून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. रत्नागिरीला जाताना आंबा घाट, गगनबावड्याच्या पुढे करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरीकडून फोंडा घाट आणि सावंतवाडीच्या वाटेवर आंबोली. आमच्या पिढीला गाडीच्या ब्रेकची खरी ओळख झाली ती या उतारांवर. १९८० च्या दशकात घाटाच्या पायथ्याशी पोहोचलं की टपरीवरच्या चहाआधी नाकात शिरायचा तो करपलेल्या लायनरचा वास. ट्रक, एसटी, जीपगाड्या ओळीनं उभ्या असायच्या आणि त्यांत एक आमची प्रीमियर पद्मिनी. वडील खाली उतरायचे, पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि तळहात चाकापासून वीतभर लांब धरायचे. हाताला लागणाऱ्या धगीवरून किती वेळ थांबायचं ते ठरायचं. कधी एका चहाचा वेळ, कधी दोन.

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११०० डी. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. इंजिन चाळीसेक अश्वशक्तीचं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. आमच्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टर नव्हता, त्यामुळे गाडी थांबायची ती निव्वळ मांडीच्या जोरावर. ड्रमचा स्वभाव असा की गार असताना तो फार गुणी. चाक फिरतानाच शूला आणखी आत ओढून घेतं, म्हणून थोड्या जोरात बरंच काम होतं. पण आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर सरकतो. त्यात लायनर तापून गुळगुळीत झालेलं. पेडल खाली खाली जायला लागतं, पाय रोवून दाबलं तरी गाडी हवी तशी आवळत नाही, आणि पुढचं वळण मात्र आपल्या वेळेला येतंच.

म्हणून वडिलांचा नियम पक्का होता : ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे लोक तेव्हा पुष्कळ होते, त्यांच्याबद्दल ते फार कडक बोलायचे. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा तो नेमका, वळणाच्या आधी, आणि मग सोडून द्यायचा म्हणजे ड्रमला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असलं आणि त्यातून गाडी काढली, तर पुढचे शंभर-दोनशे मीटर ते ब्रेकवर हलकासा पाय ठेवून गाडी चालवायचे. आत शिरलेलं पाणी घासून वाळवायचं असायचं. ब्रेक परत धरतो आहे हे पायाला कळलं की मगच वेग वाढायचा.

गाडीचं दुसरं घर म्हणजे शिवाजी उद्यमनगर. तिथल्या आमच्या मिस्त्रींचं ड्रमचं काम मी तासन्‌तास बघत बसायचो. चाक काढायचं, ड्रमवर लाकडी हातोड्यानं ठोकून तो सैल करायचा, आतल्या पृष्ठभागावरून बोट फिरवायचं. "साहेब, डरम खाल्लाय. लेथला लावाय पायजे," असं त्यांनी म्हटलं की त्यावर अपील नव्हतं. शेजारच्याच गाळ्यात लेथ. ड्रम आतून तासून यायचा, मग शूवर नवं लायनर रिव्हेटनं बसवायचं. खरं कसब त्याच्या पुढं होतं. मिस्त्री ड्रमला आतून खडू फासायचे, शू त्यावर हातानं फिरवायचे आणि लायनर उजेडात धरायचे. जिथं खडू लागला तिथं उंचवटा. तेवढ्याच जागी कानस मारायची, पुन्हा खडू, पुन्हा कानस, लायनर सगळीकडून पांढरं होईपर्यंत. चार चाकांचं हे काम व्हायला दिवस जायचा. त्यानंतर जॅकवर चाक फिरवत शू टेकेपर्यंत अ‍ॅडजस्टर आवळायचा, मग चाक मोकळं फिरेल इतका ढिला करायचा. शेवटी एकानं पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून हवा काढायची. ते पेडल मारायचं काम माझं होतं आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्या सगळ्यातली एक गोष्ट मात्र गेली ते बरंच झालं. तेव्हाच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आतली काळी-करडी भुकटी हवेच्या नळीनं उडवायची रीत होती. ती भुकटी मिस्त्रींच्या, त्यांच्या पोराच्या आणि शेजारी बसलेल्या माझ्या नाकात जायची. फुप्फुसात जाऊन बसलेलं अ‍ॅस्बेस्टॉस कित्येक वर्षांनी कॅन्सरसारखे रोग देतं हे त्या गल्लीत कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जुन्या दिवसांची कितीही ओढ वाटली तरी ती धूळ मला परत नको आहे.

मग मारुती आली आणि पुढच्या चाकांत डिस्क दिसायला लागली. डिस्क ब्रेकची कल्पना काही नवी नव्हती. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनं ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही मोठ्या संख्येनं बनणारी गाडी पुढच्या डिस्कसह बाजारात आली. आमच्या उद्यमनगरात ते ज्ञान यायला आणखी तीन दशकं लागली एवढंच. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही. पहिल्यांदा मारुतीचं चाक काढून बघितल्यावर मिस्त्री जरा हिरमुसलेच. "ह्यात करायचं काय? दोन पॅड काढा, दोन घाला," म्हणाले. त्यांच्या हातातलं निम्मं कसब त्या दिवशी बिनकामाचं झालं होतं आणि ते त्यांना लगेच कळलं होतं.

आज माझा भाचा पुण्याहून त्याच घाटांतून उतरतो तो अबार्थ पुंटो घेऊन. ही सुद्धा फियाटच, आणि तीही महाराष्ट्रातच जन्मलेली, रांजणगावच्या कारखान्यात. कार्लो अबार्थ या गृहस्थांनी १९४९ साली इटलीत कंपनी काढली आणि पुढे फियाटच्या लहान, गरीब गाड्यांना तिखट करण्यात नाव कमावलं. विंचू ही त्यांची खूण. २०१५ मध्ये तो विंचू आपल्याकडच्या पुंटोवर बसला. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, वजन सुमारे बाराशे किलो, चारही चाकांना डिस्क. पद्मिनीच्या तिपटीहून अधिक ताकद, आणि तिला आवरायचं काम पुढच्या दोन बिडाच्या चकत्यांवर. फियाटनं भारतातला गाड्यांचा धंदा गुंडाळल्यापासून सुटे भाग मिळवायला पोरांना वणवण करावी लागते. त्यामुळे झिजलेल्या डिस्क बदलायची वेळ आली तेव्हा भाच्यानं ठरवलं की आता घ्यायच्याच तर चांगल्यातल्या घेऊ.

त्यानं फोनवर मला तीन फोटो पाठवले. एकात आरपार भोकं पाडलेली डिस्क, दुसऱ्यात तिरक्या खाचांची, तिसऱ्यात साधी. "मामा, भोकांची घेऊ का? गार राहते म्हणतात. आणि दिसतेही भारी."

दिसते खरी. चाकाच्या आरीतून ती भोकं चमकताना बघून कुणालाही भुरळ पडेल. पण ही भोकं आली कुठून ते बघायला हवं. जुन्या काळच्या पॅडमधलं बांधणीचं द्रव्य तापलं की त्यातून वायू सुटायचा आणि पॅड व डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर साचायचा. त्याला निसटायला वाट म्हणून शर्यतीच्या गाड्यांना भोकं पाडायला लागले. आजच्या चांगल्या पॅडला तो त्रास फारसा नाही. उलट प्रत्येक भोकाच्या कडेला ताण एकवटतो. घाटात डिस्क तापते, गार होते, पुन्हा तापते, आणि केसासारखी पहिली भेग जाते ती भोकापासूनच. पावसात पाण्याचा पापुद्रा मोडायला भोकांची थोडी मदत होते हे मान्य. तेवढ्यासाठी लहान, जोरकस गाडीच्या पुढच्या डिस्कमधलं बीड काढून टाकायला माझं मन धजत नाही.

बीड काढायचं नाही, यामागे हिशेब आहे आणि तो मी भाच्याला कागदावर मांडून दाखवला. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. यातला सत्तरेक टक्के भार पुढच्या चाकांवर, म्हणजे एकेका डिस्कवर १६० किलोज्यूल. डिस्क सहा किलोची असेल तर ती एका दाबात सुमारे ६० अंशांनी तापते. तीच सात किलोची असेल तर ५० अंशांनी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. आता घाट धरा. पाचशे मीटर उंची उतरायची म्हणजे हीच गाडी १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवल्याइतकी उष्णता, वळणावळणावर हप्त्यानं. त्यातला मोठा वाटा इंजिनावर टाकता येतो, पण तो टाकणारा माणूस हवा. वडिलांनी हे गणित कधी मांडलं नव्हतं, तरी त्यांचा दुसरा गिअर याच हिशेबाचं उत्तर होता.

खाचांची डिस्क त्या मानानं समजूतदार. खाच आरपार नसते, त्यामुळे बीड फारसं जात नाही. पॅडचा वरचा थर ती खरवडत राहते, धूळ आणि वायू बाहेर काढते. शर्यतीच्या ट्रॅकवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला दिवसभर गाडी हाणायची असेल तर मी खाचांचीच घे म्हणेन. रोजच्या गाडीला मात्र त्या खरवडण्याची किंमत मोजावी लागते. पॅड लवकर झिजतो आणि जोरात ब्रेक मारला की घरघर येते. भाचा वर्षातून एखादा दिवस ट्रॅकवर जातो, उरलेले दिवस हिंजवडीच्या रांगेत उभा असतो.

राहिली साधी डिस्क. साधी म्हणजे हलक्या प्रतीची, हा समज फार पसरला आहे आणि तो मला बोचतो. चांगल्या साध्या डिस्कमध्ये बघायचं ते पृष्ठभागावर दिसतच नाही. आम्ही कोल्हापूरकर बिडाच्या गावचे; शिरोलीच्या फाउंड्र्यांतून ओतलेलं करडं बीड देशभरच्या गाड्यांत फिरतं. या बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. तेच पापुद्रे उष्णता झपाट्यानं आत वाहून नेतात आणि तेच थरथर गिळतात. डिस्कवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून बघा. पोलाद घंटेसारखं वाजत राहील, बीड तिथल्या तिथं गप्प होईल. म्हणून चांगले उत्पादक कार्बनचं प्रमाण वाढवलेलं बीड वापरतात. दुसरी गोष्ट म्हणजे दोन थाळ्यांच्या मधल्या पाकळ्या, ज्यांतून वारा आतून बाहेर फेकला जातो. त्या वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते, आणि ती उलटसुलट बसवली तर वारा नीट वाहत नाही. खोकं उघडल्यावर हे आधी बघायला मी त्याला सांगितलं.

भाच्याचा दुसरा हट्ट मोठ्या व्यासाचा होता. हा मोह लहान गाडीवाल्यांना पूर्वीपासून आहे. १९६१ मध्ये इंग्लंडात मिनी कूपर निघाली तेव्हा तिच्या चाकाची रिमच मुळी १० इंची होती. त्यात कशीबशी ७ इंचांची डिस्क मावली. दोन वर्षांनी कूपर एस आली, तिची डिस्क साडेसात इंचांची. फक्त अर्ध्या इंचाची वाढ, पण बूस्टरच्या जोडीनं ती गाडी पार बदलून गेली, आणि १९६४ ची माँटे कार्लो रॅली तिनं आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून जिंकली. व्यास वाढला की त्याच पकडीला लांब तरफ मिळते, हे खरंच आहे. पण व्यास एकटा वाढत नाही. कॅलिपर बाहेर सरकवायला ब्रॅकेट लागतं, ते मशीनवर नीट कापलेलं नसलं तर जीवाशी खेळ. रिममध्ये जागा लागते. आणि फक्त पुढची पकड वाढवली तर पुढची चाकं आधी लॉक व्हायला बघतात, एबीएस आधी जागं होतं, मागच्या डिस्क काम न करता नुसत्या फिरतात. कंपनीनं पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ घालायला मेहनत घेतलेली असते, तो मेळ घरबसल्या मोडायला मी तयार नाही.

शेवटी ठरलं ते असं : मूळ व्यासाची, मूळ जाडीची, जास्त कार्बनच्या बिडाची साधी व्हेंटिलेटेड डिस्क. एक पायरी वरचे पॅड, ज्यांना गार असतानाही चावा आहे. आणि नवं ब्रेक ऑइल. त्या शेवटच्या वस्तूकडे कुणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा मुरला की तोच १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेलं ऑइल घाटात उकळलं तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग डिस्क जगातली सर्वोत्तम असो, पेडल थेट फरशीला लागतं. आमच्या लहानपणी ब्रेक ऑइल बदलायचं नसायचं, कमी झालं की वरून ओतायचं असायचं.

डिस्क बसवायला भाचा कोल्हापूरला आला. मिस्त्री आता नाहीत, त्यांचा मुलगा तोच गाळा चालवतो. लेथच्या जागी तिथं टायर बदलायचं यंत्र आहे. त्यानं जुनी डिस्क उतरवली आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासायला घेतला. चांगली दहा मिनिटं. भाचा म्हणाला, "एवढं कशाला? चाकानं झाकलंच जाणार ना." मिस्त्रींच्या मुलानं हबवर नवी डिस्क बसवली, नट आवळले, डायल गेज लावला आणि चाक सावकाश फिरवलं. काटा जेमतेम हलला, एका मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतका. मग त्यानं समजावलं की डिस्क वाकली, डिस्क वाकली असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा वाकणं नसतंच. हबवर गंजाची खपली राहिली की डिस्क किंचित डुलत फिरते. डुलता डुलता दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते, तिथली जाडी बदलते, आणि काही हजार किलोमीटरनी पेडल पायाखाली धडधडायला लागतं. हा मुलगा खडू फासत नाही, पण गेज न लावता चाक चढवत नाही. बापाचा हात त्याच्यात उतरला आहे, हे मी त्याला तिथंच सांगितलं.

पॅड बसवायचं काम, ज्याला पोरं बेडिंग म्हणतात, ते दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर केलं. मध्यम वेग, घट्ट ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही. सोडायचं, वेग घ्यायचा, पुन्हा. पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढावा म्हणून. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर त्या जागी पॅडचा ठसा उमटतो. शेवटी ब्रेकला हात न लावता गाडी बराच वेळ नुसती फिरवायची, वाऱ्यानं गार व्हायला. मिस्त्री सुद्धा नवं लायनर घातलं की वडिलांना सांगायचे, "आठ दिवस घाटात घालू नका, बसू द्या." प्रकार तोच, फक्त आता आठ दिवसांऐवजी पाऊण तास.

करूळ घाट उतरताना मी शेजारी बसलो होतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुमत होती, वळणाआधी एक नेमका दाब, मग पाय मोकळा. हे मी त्याला शिकवलेलं नाही. त्याच्या आजोबांशेजारी बसून त्याची आई शिकली आणि तिच्याकडून तो. पायथ्याशी त्यानं खिशातून लेझरचं थर्मामीटर काढलं, चारही डिस्कवर धरलं आणि आकडे वहीत लिहिले. पुढच्या दोन्ही दोनशेच्या थोड्या पुढे, एकमेकींच्या जवळपास. पेडल घाटमाथ्यावर होतं तितकंच कडक. वास कसलाही नाही, थांबायची गरजही नाही. वैभववाडीला चहा प्यायलो तो केवळ हवा म्हणून.

मागची उजवी डिस्क मात्र डावीपेक्षा बरीच गार निघाली. मागचा तो कॅलिपर अडकत असावा, पिनांना गंज आणि ग्रीस वाळलेलं. भाच्याच्या डोक्यात अजून १७ इंची रिम आणि मोठी डिस्क घोळते आहे. मी म्हटलं, आधी त्या पिना उघडून साफ करू, मागचे पॅड पावसाळ्याआधी बदलू आणि टायर बघू. टायरला चार वर्षं झाली आहेत. रस्त्याला शेवटी धरतो तो टायर, आणि तो कडक झाला असेल तर पुढच्या नव्या डिस्कचा निम्मा पैसा तिथंच अडून राहील. तो हिशेब त्याला पटलेला दिसला. पुढच्या रविवारची वेळ त्यानं उद्यमनगरात घेऊन ठेवली आहे.